यादीत नसलेले तीन क्लास

"लिहायचं नसेल तर सोमवारपासून यायचं नाही," रणदिवे सर म्हणाले आणि त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही टेबलावरून शिवलीलाकडे सरकवली.

शिवलीलाने वहीला हातही लावला नाही.

"मी काय चुकलेय ते आधी सांगा की सर. मग लिहिते."

"मिरजेला चार दिवसांचं बाळ मरता मरता वाचलं, आणि तू मला विचारतेस काय चुकलं?"

"मी यादीवरनंच केलंय. यादीत बत्तीस क्लास होते, बत्तीसच्या बत्तीस बदलले. ह्या बघा की खुणा."

"क्लास पस्तीस आहेत, शिवलीला."

"यादीत बत्तीसच हाईत."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. मी म्हणजे सुप्रभा मगदूम, तिची सीनिअर. माझा राग तेव्हाही नाकाच्या शेंड्यावर असायचा. आता वीस वर्षांनी तो थोडा खाली उतरलाय, एवढंच. शिवलीला हिरेमठ गडहिंग्लजची. वडिलांचं तिथे शिलाईचं दुकान. सहा महिने काम केलं की आमच्याकडे कायम केल्याचं पत्र मिळायचं, आणि तिचे सहा महिने त्या शनिवारी पुरे होत होते. हा गुरुवार होता.

आमची कंपनी कोल्हापुरात, राजारामपुरीत एका बेकरीच्या वर. चौदा माणसं. पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. रक्त तपासलं की रिपोर्ट छापायचा, आणि जो आकडा असायला हवा त्याहून जास्त किंवा कमी असेल त्याच्यापुढे चांदणी छापायची. डॉक्टर घाईत असतात, त्यांची नजर आधी चांदणीवर जाते. आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक तपासणीचा एक क्लास होता, म्हणजे त्या तपासणीचं सगळं गणित एका जागी बांधून ठेवलेलं गाठोडं. साखरेचं एक, हिमोग्लोबिनचं एक. या सगळ्यांचा बाप म्हणजे 'टेस्ट' नावाचा क्लास, आणि बाकी सगळी त्याची पोरं.

ही पोरं एका नजरेत दिसावीत म्हणून आमच्या प्रोग्रॅमिंगच्या टूलमध्ये क्लास ब्राउझर नावाची खिडकी होती. बापावर टिचकी मारली की खाली पोरांची यादी उलगडायची. हे परदेशी टूल रणदिवे सरांनी पुण्याच्या मालकांच्या मागे लागून आणलं होतं. आणल्यावर नियम घातला. बापात बदल केला की क्लास ब्राउझरमधली यादी छापायची, एकेक पोर बदलायचं आणि त्याच्यापुढे खूण करायची. खाली करणाऱ्याची सही, तिच्याखाली तपासणाऱ्याची सही. फायली उघडून शोधत बसायचं नाही. "माणूस चुकतो, टूल चुकत नाही," असं ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे.

शिवलीलाने नियमाबाहेर काडीइतकंही काही केलं नव्हतं. चांदणी वयाप्रमाणे छापायची होती. त्यासाठी बापातली जुनी मर्यादा काढून प्रत्येक पोराला नवा तक्ता द्यायचा होता. तिने बत्तीस पोरांना तक्ते दिले. राहिलेल्या तिघांना तक्ता नाही, म्हणून चांदणी नाही. त्या तिघांत नवजात बाळाच्या काविळीची तपासणी होती. मिरजेच्या एका हॉस्पिटलात चार दिवसांच्या बाळाचा आकडा धोक्याच्या रेषेपलीकडे, एकवीस आला, पुढे चांदणी नाही, कागद बाजूला ठेवला गेला. बाळ तळपायापर्यंत पिवळं पडलंय हे एका नर्सने पाहिलं, कागद पुन्हा वाचला आणि आरडाओरडा केला. बाळ वाचलं ते त्या बाईमुळे, आमच्यामुळे नाही.

आणि आता ती निळी वही. तिला आम्ही चूकवही म्हणायचो. ज्याची चूक गिऱ्हाईकापर्यंत पोहोचली त्याने ती वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायची, आणि शनिवारी अकरा वाजता सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची. मग चहा आणि भडंग. ऑफिसातली पोरं या वाचनाला शनिवारची आरती म्हणायची. मी स्वतः तीनदा वाचलं होतं. चूक उजेडात आली की पुन्हा होत नाही, असं रणदिवे सर सांगायचे. दोन वर्षांत त्या वहीत त्यांचं अक्षर मात्र एकदाही उमटलं नव्हतं.

"शनिवारपर्यंत विचार कर," ते शिवलीलाला म्हणाले. "सुप्रभा, हिला समजाव."

मी तिला जिन्यात घेऊन गेले. खालून पावाचा वास येत होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून.

"लिहून टाक गं," मी म्हटलं. "दोन ओळी तर आहेत. मी तीनदा लिहिल्यात. कुणाच्या लक्षातही राहत नाही."

"तुम्ही चुकला होता, तुम्ही लिहिलंत. मी चुकले न्हाई, ताई."

"नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरी दुसरी मिळंल. पण बाळाच्या जिवाशी खेळले असं मी माझ्या हातानं लिहायचं? खोटं? आणि उभं राहून वाचायचं?"

तिचे डोळे भरून आले. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, उद्या बघते मी, काय भानगड आहे ती.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी माझ्या कॉम्प्युटरपुढे बसलो. क्लास ब्राउझर उघडला. बत्तीस. मी एक रिकामं पोर बनवलं, नाव दिलं, बापाला जोडलं, आणि खिडकी बंद करून पुन्हा उघडली. बत्तीस. नवं पोर कुठेच नाही. आणखी एक बनवलं. बत्तीसच.

"एक काढून बघा की," शिवलीला म्हणाली.

मी साखरेचा क्लास तात्पुरता काढला. यादी पुन्हा बत्तीसचीच, पण आता शेवटी एक नवं नाव आलं होतं. नवजात बाळाची कावीळ.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. दुसरा काढला, मागून आणखी एक पुढे सरकला. खिडकीत बत्तीसच पोरांना जागा होती. तेहतिसाव्यापासून पुढची पोरं बाहेर, आणि बाहेर कुणी उभं आहे हे सांगायची सोय नाही. चूक दाखवणारी एक ओळ नाही, एक टिंब नाही. बाहेर राहिलेले तिन्ही क्लास मी लिहिलेले होते, आदल्या दिवाळीत.

शिवलीला चक्क हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मी म्हणत नव्हते?"

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी तिचा हात धरला आणि दोघी तशाच केबिनमध्ये घुसलो. रणदिवे सरांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरची पेन्सिल बोटांत फिरवत राहिले.

"हे टूल जगभर चालतं," ते शेवटी म्हणाले. "आणि चूक निघाली ती बेकरीच्या वर बसलेल्या तुम्हा दोघींना. नाचता येईना अंगण वाकडं."

"सर, तुम्ही बाहेर या, मी दाखवते," मी म्हटलं.

"मला बघायचं नाही. टूलच्या कंपनीला मेल टाका. त्यांनी लिहून दिलं की आमच्या टूलमध्ये दोष आहे, तर मी मानतो. शनिवारी अकराच्या आत उत्तर आलं तर हिने वाचायचं नाही. नाही आलं तर वाचायचं. पण वहीत लिहून आजच ठेवायचं."

"आणि उत्तर आलं तर ते पान?" शिवलीलाने विचारलं.

"फाडू."

मला ते न्यायाचंच वाटलं. मेल मी तिथेच बसून लिहिली, इंग्रजीत, एकेक पायरी घालून. संध्याकाळी पाचला शिवलीलाने वहीत लिहिलं. मजकूर रणदिवे सरांनी सांगितला: 'माझ्या निष्काळजीपणामुळे तीन तपासण्या बदलायच्या राहिल्या. त्यामुळे एका बाळाचा जीव धोक्यात आला. मी दिलगीर आहे.' ती मान वर न करता लिहीत होती. निष्काळजीपणा या शब्दावर तिचं पेन थांबलं, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. म्हणजे, लिही, उद्या फाडायचंच आहे.

शनिवारी मी लवकर आले. मेल उघडली तर उत्तर आलेलं. मी उभी राहून वाचलं.

'हा दोष आम्हाला ठाऊक आहे. एका क्लासखालचे पहिले बत्तीसच क्लास खिडकीत दिसतात. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती होईल, तोवर या यादीवर विसंबू नये. आपल्याच कंपनीने अकरा महिन्यांपूर्वी हा दोष कळवला होता. तेव्हा पाठवलेलं उत्तर पुन्हा जोडत आहोत.' खाली ते जुनं पत्र होतं. दोष कळवणाऱ्याचं नाव होतं, डी. रणदिवे.

मी ते नाव चार वेळा वाचलं. या माणसाला अकरा महिने माहीत होतं. माहीत असून त्याने आम्हाला यादी छापायला लावली, खुणा करायला लावल्या. गुरुवारी वही सरकवली तेव्हा माहीत होतं. शुक्रवारी पेन्सिल फिरवत 'उत्तर आणा' म्हणाला, तेव्हा ते उत्तर त्याच्याच मेलमध्ये वर्षभर पडून होतं! मी कागद छापला आणि केबिनचं दार न वाजवता आत गेले.

"हे काय आहे?"

त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण आवाज चढला नाही. "बस."

"मी बसणार नाही. तुम्हाला ठाऊक होतं."

"टूल घ्यायच्या आधी चाचणीला शंभर क्लास घालून पाहिले होते, तेव्हा दिसलं. पण तोवर मालकांना सांगून बसलो होतो, की हे टूल चुकत नाही. आठवड्यात परत कुठल्या तोंडाने सांगणार? आणि तेव्हा आपल्याकडे वीसच क्लास होते, सुप्रभा. मला वाटलं, बत्तीसपर्यंत आपण जाणारच नाही."

"आम्हाला तरी सांगायचं!"

"चुकलं माझं."

"मग वहीत लिहा. अकराला उभे राहा आणि वाचा."

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. मग त्यांनी शिवलीलाची ती खुणा केलेली यादी फायलीतून काढून माझ्यासमोर ठेवली.

"मेल वाचायची तर सगळंच वाचावं लागेल. तपासणाऱ्याची सही कुणाची आहे?"

माझी होती.

"राहिलेले तीन क्लास कुणी लिहिले? तू. तुझेच तीन क्लास यादीत नाहीत, आणि तू खाली सही ठोकलीस. ती पोरगी नवी आहे, तिला काय माहीत पस्तीस का छत्तीस. तुला माहीत होतं. मालक मला विचारतील, तसे तुलाही विचारतील."

मी यादीकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर ती वाचलीच नव्हती. सहीसाठी पुढे आली, खुणा सरळ ओळीत दिसल्या, केली सही.

"हे बघ," रणदिवे सर म्हणाले. त्यांनी ड्रॉवरमधून एक पाकीट काढलं. "तिचं कायम केल्याचं पत्र. सही करून तयार आहे. आज तिला वाचू दे, साडेअकराला हे पत्र तू तुझ्या हाताने तिला दे. मालकांशी मी सोमवारी बोलतो, शांतपणे. तिची नोकरी पक्की, तुझ्यावर काही नाही. दोन ओळींचा तर प्रश्न आहे."

दोन ओळींचा प्रश्न. जिन्यात मी तेच म्हटलं होतं.

मी पाकीट घेतलं. मनाशी म्हटलं, पोरीला शेवटी काय हवंय? नोकरी. ती तर मिळतेय. भांडून मी तिचं नुकसानच केलं असतं. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो, हे मला त्या सकाळी कळलं.

पावणेअकराला शिवलीला माझ्या टेबलाशी आली. तिने त्या दिवशी चांगली साडी नेसली होती.

"ताई, आलं का उत्तर?"

"नाही अजून," मी म्हटलं.

"येईल का हो?"

"परदेशात आत्ता रात्र असते गं."

ती मान हलवून गेली. अकराला सगळे हॉलमध्ये जमले. शिवलीला उभी राहिली आणि वाचलं. निष्काळजीपणा हा शब्द तिने इतका स्पष्ट उच्चारला की मागे कुणीतरी खाकरलं. 'एका बाळाचा जीव' म्हणताना तिचा आवाज फाटला, तरी तिने वाक्य पुरं केलं. मी पहिल्या रांगेत, तिच्यापासून चार हातांवर. रणदिवे सर म्हणाले, "चूक कबूल करायला धाडस लागतं," आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग भडंगाची पातेली आली.

मी तिला बाजूला घेतलं, पाकीट दिलं. तिने पत्र उघडून वाचलं, पण तोंडावर काही हललं नाही. मला ते बघवेना. वाटलं, हिला खरं कळलं तर बरं वाटेल. मी पर्समधून मेलचा कागद काढला.

"हे बघ, तुझी चूक नव्हतीच! त्यांनी लिहून दिलंय. आत्ताच आलं."

मेलच्या माथ्यावर वेळ छापलेली असते. हजारो मेल छापणाऱ्या बाईच्या हे ध्यानात राहू नये?

शिवलीलाने कागद वरून वाचायला सुरुवात केली, आणि वरच थांबली.

"नऊ चाळीस," ती म्हणाली.

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"पावणेअकराला मी विचारलं तुम्हाला."

"शिवलीला, ऐक. तुझं पत्र मिळावं म्हणून मी..."

तिने बोट खाली सरकवलं, रणदिवे सरांचं नाव वाचलं. मला वाटलं, आता ती त्यांच्यावर भडकेल. मी तयारच होते, तिच्या बाजूने भांडायला. पण तिने त्या नावावर एक क्षणही घालवला नाही.

"त्यांनी तोंडावर सांगितलं, लिही न्हाईतर जा," ती म्हणाली. "ते त्यांची खुर्ची राखायला लागलेत, कळतंय मला. तुम्ही माझ्या डोक्यावरनं हात फिरवलात, मॅडम. तुम्ही काय राखत होता?"

ताईची मॅडम झाले होते. मी म्हटलं, "तुझी नोकरी."

"माझी?" तिने पत्राची घडी घातली, परत पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. "यादीखाली सही तुमची हाय. मला गुरुवारीच माहीत होतं. मी केबिनमध्ये नाव घेतलं का तुमचं? एकदा तरी?"

नव्हतं घेतलं. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. मी शेजारी बसले होते आणि माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, की ही पोरगी मला वाचवतेय.

तिने टेबलावरून डबा आणि छत्री उचलली. हॉलमधून जाताना कुणीतरी तिला भडंगाची वाटी पुढे केली, तिने ती नम्रपणे नाकारली. सोमवारी ती आली नाही. नंतर कधीच आली नाही. मी दोन पत्रं टाकली, एकदा गडहिंग्लजला दुकानाच्या फोनवर फोन केला. तिचे वडील म्हणाले, "ती बोलत न्हाई म्हणत्या," आणि फोन ठेवला.

मी त्या दिवशी हॉलमध्ये जाऊन मेल मोठ्याने वाचली असती तर ही कथा सांगायला मला बरं वाटलं असतं. मी वाचली नाही. रणदिवे सरांनी मालकांशी सोमवारी बोलायचं होतं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ते राहिलेले तीन क्लास मीच दुरुस्त केले, हाताने शोधून, आणि खाली कुणाची सही लागली नाही.

चार महिन्यांनी टूलची नवी आवृत्ती आली. शनिवारच्या मीटिंगमध्ये रणदिवे सरांनी ती पडद्यावर उघडून दाखवली. बापावर टिचकी मारली, आणि खाली पस्तीसच्या पस्तीस नावं उलगडली.

"बघा, काय सुधारणा केलीय लोकांनी," ते म्हणाले.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.